घटक 3 : कार्थेजचा बिशप सिप्रियन – चरित्र आणि ख्रिस्ती संस्कारांची जडणघडण

3.1 उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
– तिसऱ्या शतकातील उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती समाजाचे स्वरूप सांगता येईल.
– 'साक्रामेन्तुम' या लॅटिन शब्दाचा अर्थ कसा बदलत गेला, हे स्पष्ट करता येईल.
– सिप्रियनच्या जीवनातील प्रमुख घटना आणि त्यांतून उभे राहिलेले प्रश्न यांचा संबंध जोडता येईल.
– चरित्राच्या साधनांकडे चिकित्सकपणे पाहता येईल.

3.2 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, 'बाप्तिस्मा' हा शब्द मराठी वाचकाला अपरिचित नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे, त्यांना एका माणसाच्या बाप्तिस्म्याने एका कुटुंबाचे आयुष्य कसे ढवळून निघते, हे ठाऊक आहे. परंतु हा विधी मुळात काय होता, तो कोणी द्यावा, एकदा घेतलेला बाप्तिस्मा मोडतो का, मोडलाच तर तो पुन्हा सांधता येतो का, हे प्रश्न ज्या काळी प्रथम ऐरणीवर आले, त्या काळाकडे आपण सहसा वळत नाही. या घटकात आपण तेथे जाणार आहोत, आणि तेही एका माणसाच्या चरित्राच्या वाटेने.

धार्मिक संस्था आज आपल्याला पूर्ण घडलेल्या रूपात दिसतात. रोमन कॅथलिक परंपरा सात संस्कार मानते. पण सात हा आकडा बाराव्या शतकात स्थिर होऊ लागला आणि ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1547 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती माणसाला अशी यादी माहीत नव्हती. त्याच्यापुढे होते ते स्नान, भोजन आणि पश्चात्ताप. या तीन गोष्टींना नियमांचे रूप कसे आले, हे सिप्रियनच्या आयुष्यातील शेवटच्या बारा वर्षांत जितके स्पष्ट दिसते, तितके त्या काळात क्वचितच अन्यत्र दिसते.

त्याच्या चरित्राची साधने तीन आहेत. पहिले, पाँटियस नावाच्या त्याच्या डीकनाने, म्हणजे सेवकपदावरील सहकाऱ्याने, लिहिलेले चरित्र. दुसरे, त्याच्यावरील खटल्याचे कामकाज सांगणारी हकिकत. तिसरे आणि सर्वांत मोलाचे साधन म्हणजे त्याचा पत्रव्यवहार. या संग्रहात 82 पत्रे आहेत. त्यांतील बहुतेक त्याची, तर काही त्याला आलेली अथवा इतरांची आहेत. पाँटियस हा भक्त होता. त्याच्या लेखनात नायकावर टीका जवळजवळ नाही. पत्रांत मात्र आपल्याला चिडलेला, धास्तावलेला, हिशेब मांडणारा आणि मत बदलणारा माणूस भेटतो. चरित्र वाचताना हा फरक लक्षात ठेवावा.

3.3 विषय-विवेचन

3.3.1 कार्थेज आणि तेथील ख्रिस्ती समाज

आजच्या ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर, ट्युनिस शहरालगत प्राचीन कार्थेजचे अवशेष आहेत. रोमन साम्राज्याच्या पश्चिम भागात रोमखालोखाल ज्या शहरांचा दबदबा होता, त्यांत कार्थेज अग्रभागी होते. बंदर, धान्याचा व्यापार, न्यायालये, रंगमंडळ आणि वक्तृत्वाच्या पाठशाळा यांनी ते गजबजलेले असे.

या प्रांतातील ख्रिस्ती समाजाचा पहिला निश्चित उल्लेख मिळतो तो मृत्युदंडाच्या संदर्भात. इ. स. 180 मध्ये सिल्ली नावाच्या गावच्या काही ख्रिस्ती स्त्रीपुरुषांना कार्थेजमध्ये मारण्यात आले. पुढे 203 मध्ये पर्पेचुआ ही तरुण माता आणि फेलिसिटी ही दासी यांना तेथील रंगमंडळात प्राण गमवावे लागले. त्यामुळे या समाजात हुतात्म्यांविषयी पराकोटीचा आदर होता. ज्याने छळ सोसला, त्याचा शब्द धर्मगुरूच्या शब्दाइतकाच, कधी त्याहूनही, वजनदार मानला जाई. ही गोष्ट पुढे सिप्रियनला फार जड जाणार होती.

या समाजात प्रवेश सहजासहजी मिळत नसे. इच्छुकाला बराच काळ दीक्षार्थी म्हणून राहावे लागे. त्यानंतर तो सैतानाचा त्याग जाहीर करी, श्रद्धेविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देई आणि तीन वेळा पाण्यात बुडवला जाई. बाहेर आल्यावर त्याला दूध आणि मध यांचे मिश्रण चाखायला देत. तैलाभ्यंग आणि मस्तकावर हात ठेवणे हेही याच विधीचे भाग होते. त्या दिवसापासून आठवडाभर तो नित्याचे स्नानही करीत नसे. हे तपशील टर्टुलियन या कार्थेजच्याच लेखकाने नोंदवले आहेत.

3.3.2 'साक्रामेन्तुम' : एका शब्दाचा प्रवास

भाषेचे अभ्यासक म्हणून येथे थोडे थांबू. ग्रीक ख्रिस्ती लोक या विधींना 'मिस्टेरिऑन' म्हणत. त्याचा अर्थ गुप्त तत्त्व, रहस्य. हा शब्द लॅटिनमध्ये आणताना आफ्रिकेतील भाषांतरकारांनी आणि टर्टुलियनसारख्या लेखकांनी 'साक्रामेन्तुम' हा शब्द निवडला. त्याचे व्यवहारातील अर्थ वेगळेच होते. दिवाणी दाव्यात पक्षकार जी रक्कम अनामत ठेवत, ती 'साक्रामेन्तुम'. आणि सैन्यात भरती होताना शिपाई जी शपथ घेई, तीही 'साक्रामेन्तुम'.

शब्द बदलला की कल्पनाही थोडी सरकते. 'रहस्य' या शब्दात जाणून घेण्याला महत्त्व आहे, तर 'शपथ' या शब्दात बांधून घेण्याला. टर्टुलियनने बाप्तिस्म्याकडे शिपायाच्या शपथेसारखे पाहिले. आता ही तुलना पुढे नेऊन पाहा. शपथ मोडणाऱ्या शिपायाला काय म्हणतात? फितूर. फितुराला पुन्हा पलटणीत घेतात का? सिप्रियनच्या काळातील सारा संघर्ष या एका शब्दाच्या पोटात दडलेला होता, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

मराठीने याच कल्पनेसाठी 'संस्कार' हा शब्द घेतला. त्यात शपथ नाही आणि रहस्यही नाही. शुद्ध करणे, घडवणे, योग्य करणे हा अर्थ आहे. तीन भाषांनी एकाच विधीकडे तीन बाजूंनी पाहिले, हे ध्यानात घ्या.

3.3.3 वक्तृत्वशिक्षक ते बिशप

थॅशियस सीसिलियस सिप्रियानस याचा जन्म तिसऱ्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या आसपास झाला. घर सधन होते. तो वक्तृत्वाचा शिक्षक म्हणून कार्थेजमध्ये नावारूपाला आला. त्या काळी वक्तृत्व ही सत्तेच्या दालनांची किल्ली होती. न्यायालयात आणि शासनात जाऊ इच्छिणारे तरुण अशा शिक्षकांकडे येत.

चाळिशीच्या सुमारास, म्हणजे 246 च्या आसपास, सीसिलियन नावाच्या एका वृद्ध धर्मगुरूच्या सहवासाने त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपल्या या परिवर्तनाविषयी त्याने डोनाटस या मित्राला उद्देशून एक छोटेखानी ग्रंथ लिहिला. सुखासीन सवयी माणसात इतक्या मुरलेल्या असताना केवळ पाण्याच्या स्नानाने तो नवा कसा होऊ शकेल, ही शंका त्याला आधी वाटत होती. अनुभवानंतर ती फिटली, असे तो त्यात सांगतो. आपल्या मालमत्तेचा मोठा भाग त्याने गोरगरिबांसाठी दिला. टर्टुलियनचे ग्रंथ तो रोज वाचत असे, अशी आठवण पुढे जेरोमने नोंदवली आहे.

बाप्तिस्म्यानंतर दोन-तीन वर्षांतच, 248 ते 249 च्या दरम्यान, कार्थेजच्या लोकांनी त्याला बिशप म्हणून निवडले. लोकांचा आग्रह मोठा होता. परंतु पाच ज्येष्ठ धर्मगुरूंचा विरोध होता. कालपरवा आलेला माणूस आपल्या डोक्यावर बसतो, ही त्यांची सल समजण्यासारखी होती. हे पाच जण पुढे गप्प बसले नाहीत.

3.3.4 डेशियसचा हुकूम आणि अज्ञातवास

249 च्या अखेरीस सम्राट डेशियसने हुकूम काढला. साम्राज्यातील प्रत्येकाने देवतांपुढे बळी अर्पण करावा, मद्य ओतावे, प्रसाद चाखावा आणि नेमलेल्या अधिकाऱ्यांकडून तसे प्रमाणपत्र घ्यावे. अशी चाळीसहून अधिक प्रमाणपत्रे इजिप्तच्या वाळूत पपायरसवर सापडली आहेत. त्यांवर अर्जदाराचे नाव, आपण नेहमीच देवतांना अर्पण करीत आलो असल्याचे निवेदन आणि अधिकाऱ्यांच्या सह्या आहेत.

कार्थेजमध्ये जे घडले, ते सिप्रियनने स्वतःच खेदाने लिहून ठेवले आहे. अटक होण्याची वाट न पाहता लोक मंदिराकडे धावले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकाऱ्यांनी उद्या या असे सांगितले, तेव्हा आजच उरकून घ्या, अशी विनवणी काहींनी केली. आईबापांनी कडेवरची मुले सोबत नेली. काहींनी प्रत्यक्ष बळी दिला, काहींनी चिमूटभर धूप टाकला, तर काहींनी पैसे चारून नुसतेच प्रमाणपत्र मिळवले. काही मोजके लोक मात्र डगमगले नाहीत. ते तुरुंगात गेले आणि त्यांतील काही तेथेच मेले.

आणि बिशप? तो शहर सोडून गेला. रंगमंडळातील जमाव त्याला सिंहापुढे टाका म्हणून ओरडत होता आणि त्याची मालमत्ता जप्त झाली होती. आपण राहिलो तर जमाव अधिक चवताळेल आणि साऱ्या समाजावर संकट येईल, असे त्याचे म्हणणे होते. सुमारे सव्वा वर्ष तो अज्ञातवासात राहिला. त्याच सुमारास रोमचा बिशप फेबियन याने प्राण दिला होता. रोमच्या धर्मगुरूंनी कार्थेजला लिहिलेल्या पत्रात संकट पाहून कळप सोडणाऱ्या मेंढपाळाची आठवण करून दिली. रोख कोणाकडे आहे, हे उघड होते. सिप्रियनने स्वतःच्या बचावात त्या काळात पाठवलेल्या 13 पत्रांच्या प्रती रोमला धाडल्या. आपण शरीराने दूर असलो तरी कामाने नव्हतो, हे त्याला दाखवायचे होते.

त्याचा निर्णय बरोबर होता की चूक, हे ठरवण्याची घाई करू नका. एवढे मात्र लक्षात ठेवा की, पुढे जेव्हा पतित झालेल्यांचा न्याय करण्याची वेळ आली, तेव्हा न्यायासनावर बसलेला माणूस स्वतः परीक्षेच्या दिवशी शहरात नव्हता. हे त्याच्या विरोधकांना ठाऊक होते आणि त्यालाही ठाऊक होते.

3.3.5 पतितांचा प्रश्न : प्रायश्चित्ताला नियम

छळ ओसरू लागताच पतितांची रीघ परत लागली. त्यांना पुन्हा प्रभुभोजनात सहभागी व्हायचे होते. पण बाप्तिस्म्याने पापे धुतली जातात आणि बाप्तिस्मा एकदाच मिळतो. त्यानंतरच्या महापापाला क्षमा करण्याचा अधिकार चर्चला आहे का, यावर एकमत नव्हते. आणि देवनिंदा तर मूर्तिपूजा, खून, व्यभिचार यांच्या पंक्तीतील पाप मानले जाई.

लोकांनी जवळची वाट शोधली. तुरुंगात छळ सोसलेल्या साक्षीदारांकडून ते शिफारसपत्रे आणू लागले. अमुक माणसाला त्याच्या मंडळींसह सहभागी करून घ्यावे, अशा मजकुराची ही पत्रे असत. 'मंडळी' म्हणजे किती, हे पत्रात नसे. एका पत्रावर वीस-तीस माणसे येऊ लागली. येथे भाषेचा एक विलक्षण योग पाहा. शासनाच्या प्रमाणपत्राला लॅटिनमध्ये 'लिबेल्लुस' म्हणत. साक्षीदारांच्या या पत्रालाही तोच शब्द होता. एका कागदाने माणूस बाहेर गेला होता, दुसऱ्या कागदाने तो आत येऊ पाहत होता.

सिप्रियनने याला विरोध केला. साक्षीदारांचा मान त्याला मान्य होता, पण कागदाने क्षमा होत नाही. पापाची कबुली, काही काळाचे प्रायश्चित्त आणि शेवटी बिशपने व धर्मगुरूंनी मस्तकावर ठेवलेला हात, हा क्रम त्याने लावून धरला. विरोधी पाच धर्मगुरूंच्या गटाने मात्र शिफारसपत्रांवर लोकांना सरळ आत घेतले आणि कार्थेजमध्ये फूट पडली. दुसरीकडे रोममध्ये उलटे टोक गाठले गेले. 251 मध्ये कॉर्नेलियस बिशप झाल्यावर नोव्हेशियन या विद्वान धर्मगुरूने स्वतःला प्रतिस्पर्धी बिशप म्हणवून घेतले. पतितांना चर्चने कधीच परत घेऊ नये, असा त्याचा आग्रह होता.

251 च्या वसंतात सिप्रियन परतला आणि त्याने आफ्रिकेतील बिशपांची परिषद भरवली. परिषदेने मध्यम मार्ग काढला. ज्यांनी केवळ प्रमाणपत्र घेतले होते, त्यांची एकेकाची चौकशी करून त्यांना परत घ्यावे. ज्यांनी प्रत्यक्ष बळी दिला, त्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे आणि मरणाच्या दारी त्यांना क्षमा मिळावी. धमकीला भिऊन गेलेला, आपल्या घरच्यांना वाचवण्यासाठी एकट्याने बळी देणारा आणि उत्साहाने पुढे धावलेला, या तिघांना एकाच मापाने मोजू नये, हा विचार यामागे होता. एक-दोन वर्षांत नव्या छळाची चिन्हे दिसताच पुढच्या परिषदेने प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्वांनाच परत घेण्याचे ठरवले. ज्यांना लढाईत उतरवायचे, त्यांना आधी शिदोरी द्यायला हवी, असा हा युक्तिवाद होता.

सुरुवातीला कठोर असलेला सिप्रियन दोन वर्षांत इतका बदलला. त्याच्या टीकाकारांनी यावर बोट ठेवले. पण प्रायश्चित्त या संस्काराचा इतिहास लिहिताना नेमका हाच बदल महत्त्वाचा ठरतो. क्षमा ही आता कोणा एका वीराची मेहेरबानी राहिली नाही. ती चौकशी, अवधी आणि विधी असलेली व्यवस्था झाली.

3.3.6 पेला, भाकर आणि नवजात बालक

सिप्रियनच्या लेखनातून त्या काळच्या उपासनेचे अनेक बारकावे कळतात. काही लोक पवित्र भाकर छोट्या पेटीत घालून घरी नेत आणि तेथे सेवन करीत. तान्ह्या मुलांनाही प्रभुभोजनाच्या पेल्यातील घोट दिला जाई.

काही गावांतून सकाळच्या उपासनेत पेल्यात द्राक्षरसाऐवजी नुसते पाणी वापरण्याची पद्धत पडली होती. सिप्रियनने याविरुद्ध एक सविस्तर पत्र लिहिले. छळाच्या दिवसांत सकाळी तोंडाला मद्याचा वास येणे धोक्याचे होते, हेही त्यात सूचित होते. त्याचे उत्तर असे की, पेल्यातील मद्य हे ख्रिस्ताचे आणि पाणी हे लोकांचे प्रतीक आहे. नुसते पाणी घेतले तर ख्रिस्ताविना लोक उरतात आणि नुसते मद्य घेतले तर लोकांविना ख्रिस्त उरतो. दोन्ही मिसळल्यावर जसे वेगळे काढता येत नाही, तसे हे नाते आहे. संस्काराच्या साध्या भौतिक द्रव्यातून समाजाची कल्पना उभी करण्याची ही रीत त्याची खास होती.

फायडस नावाच्या एका बिशपने आणखी एक शंका विचारली. जुन्या करारातील सुंतेप्रमाणे बालकाचा बाप्तिस्माही आठव्या दिवसापर्यंत थांबवावा का? शिवाय नवजात बालकाचे चुंबन घेणे त्याला ओशाळे वाटत होते. 66 बिशपांच्या परिषदेने एकमताने सांगितले की, थांबण्याचे कारण नाही. नुकत्याच जन्मलेल्या जीवाला कृपेपासून क्षणभरही दूर ठेवू नये. आजाऱ्याला अंथरुणावर पाणी शिंपडून दिलेला बाप्तिस्मा पूर्ण की अपुरा, या प्रश्नावरही त्याने तो पूर्णच असल्याचे मत दिले. पाणी किती, यावर कृपा मोजता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

3.3.7 साथीचा काळ

याच वर्षांत साम्राज्यात भीषण साथ पसरली. तिची लक्षणे सिप्रियनने नोंदवल्यामुळे इतिहासकार तिला त्याच्याच नावाने ओळखतात. जुलाब, घशातील व्रण, न थांबणाऱ्या वांत्या, लाल झालेले डोळे असे ते वर्णन आहे. लोक आप्तांना टाकून पळत होते. पाँटियस सांगतो की, सिप्रियनने आपल्या लोकांना एकत्र करून कामे वाटून दिली. ज्याच्याकडे पैसा त्याने पैसा, ज्याच्याकडे हात त्याने श्रम द्यावेत, आणि मदत केवळ स्वकीयांपुरती ठेवू नये. न्यूमिडियात टोळ्यांनी पळवून नेलेल्या ख्रिस्ती बंदिवानांच्या सुटकेसाठी कार्थेजच्या समाजाने एक लाख सेस्टर्स इतकी रक्कम जमवून पाठवली, हे त्याच्या एका पत्रावरून कळते. भोजनाच्या मेजावरील ऐक्य पैशाच्या व्यवहारातही दिसले पाहिजे, ही त्याची धारणा होती.

3.3.8 रोमशी वाद : बाप्तिस्मा कोणाचा?

254 मध्ये स्टीफन रोमचा बिशप झाला. नोव्हेशियनच्या गटात ज्यांनी बाप्तिस्मा घेतला होता, त्यांतील काही जण आता मूळ चर्चकडे येऊ लागले. त्यांचे काय करायचे? रोमची जुनी रीत अशी की, त्यांच्या मस्तकावर हात ठेवून त्यांना आत घ्यावे. बाप्तिस्मा झालेलाच आहे. आफ्रिकेत मात्र तीसेक वर्षांपूर्वीच्या एका परिषदेपासून वेगळी रीत होती. चर्चबाहेर पवित्र आत्मा नाही. ज्याच्याजवळ जे नाही, ते तो देणार कसे? म्हणून असा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. आलेल्याला तो प्रथमच द्यावा लागेल. सिप्रियनच्या दृष्टीने तो 'पुन्हा' दिलेला बाप्तिस्मा नव्हताच.

1 सप्टेंबर 256 रोजी कार्थेजमध्ये परिषद भरली. 87 बिशपांची मते एकेक करून नोंदली गेली. सर्वांनी सिप्रियनच्या बाजूने कौल दिला. कोणीही स्वतःला बिशपांचा बिशप समजू नये आणि वेगळे मत असणाऱ्याला बहिष्कृत करू नये, अशी भूमिका त्याने आरंभीच मांडली. स्टीफनने आफ्रिकेच्या प्रतिनिधींना भेट नाकारली. त्यांना कोणी घरात थारा देऊ नये, असेही बजावले. कपाडोशियातील सीझरियाचा बिशप फर्मिलियन याने सिप्रियनला पाठिंबा देणारे जळजळीत पत्र लिहिले. अलेक्झांड्रियाचा डायोनिशियस समेटाचा प्रयत्न करीत राहिला. दोन्ही बाजू हटेनात. इतक्यात 257 च्या ऑगस्टमध्ये स्टीफनचा मृत्यू झाला आणि नव्या छळाने साऱ्यांनाच गाठले.

3.3.9 अखेर

सम्राट व्हॅलेरियनच्या पहिल्या फर्मानानुसार 30 ऑगस्ट 257 रोजी सिप्रियनला प्रांताधिपती अस्पाशियस पॅटर्नस याच्यापुढे उभे केले गेले. त्याने आपण ख्रिस्ती आणि बिशप असल्याचे सांगितले. आपल्या धर्मगुरूंची नावे मात्र दिली नाहीत. त्याला कुरुबिस या किनाऱ्यावरील गावी हद्दपार करण्यात आले. दुसऱ्या वर्षी फर्मान अधिक कडक झाले. 6 ऑगस्ट 258 रोजी रोमचा बिशप सिक्स्टस दुसरा मारला गेला. कार्थेजला परतलेल्या सिप्रियनला मित्रांनी पुन्हा लपण्याचा सल्ला दिला. या वेळी त्याने तो मानला नाही. मात्र त्याला दुसऱ्या शहरात नेण्यासाठी शिपाई येत आहेत असे कळताच तो काही दिवस बाजूला झाला. बिशपाने आपल्याच शहरात, आपल्याच लोकांसमोर मरावे, असे त्याने शेवटच्या पत्रात कळवले.

13 सप्टेंबरला त्याला अटक झाली. रात्रभर त्याचे लोक दाराबाहेर थांबले. गर्दीत मुलीही आहेत हे कळल्यावर त्यांना जपा, असा निरोप त्याने बाहेर धाडला. 14 सप्टेंबर 258 रोजी प्रांताधिपती गॅलेरियस मॅक्सिमस याने शिरच्छेदाची शिक्षा वाचून दाखवली. सिप्रियनने देवाचे आभार मानले. वधस्थळी त्याने अंगरखा उतरवला, प्रार्थना केली आणि मारेकऱ्याला 25 सोन्याची नाणी देण्यास सांगितले. लोकांनी त्याच्यापुढे वस्त्रे अंथरली. डोळ्यांवरची पट्टी त्याने स्वतः बांधून घेतली. रात्री मेणबत्त्या व मशाली घेऊन लोकांनी त्याला दफन केले. आठ वर्षांपूर्वी ज्याला पळपुटा म्हटले गेले, त्याच्या मागे आता सारे शहर चालत होते.

3.4 समारोप

मित्रहो, सिप्रियनचा विजय आणि पराभव हे दोन्ही विलक्षण आहेत. प्रायश्चित्ताविषयीची त्याची भूमिका पश्चिमेत टिकली. बाप्तिस्म्याविषयीची टिकली नाही. 314 मध्ये आर्लच्या परिषदेने आफ्रिकेची रीत नाकारली. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा झाला असल्यास तो पुन्हा देऊ नये, असे ठरले. त्याच सुमारास आफ्रिकेत डोनाटसपंथीयांची फूट पडली. छळात डगमगलेल्या धर्मगुरूंनी केलेले संस्कार निष्फळ होत, असे ते मानत आणि आधार म्हणून सिप्रियनचे नाव घेत. सुमारे 400 मध्ये ऑगस्टीनने त्यांना उत्तर देताना मोठे चातुर्य दाखवले. सिप्रियनचे मत त्याने खोडले, पण मतभेद असूनही नाते न तोडण्याची सिप्रियनची वृत्ती उचलून धरली. संस्काराचे सामर्थ्य देणाऱ्या माणसात नसून ख्रिस्तात आहे, हा त्याचा सिद्धान्त पुढे रूढ झाला.

या सिद्धान्ताचा सर्वसामान्य माणसाला काय लाभ झाला, याचा विचार करा. आपल्याला लहानपणी ज्याने बाप्तिस्मा दिला, तो धर्मगुरू आतून कसा होता, हे कोणाला कळणार? सिप्रियनचा तर्क शेवटपर्यंत नेला तर कोणालाच आपल्या बाप्तिस्म्याची खात्री देता येणार नाही. उलट, देणाऱ्याच्या शुद्धतेची अटच काढून टाकली तर अयोग्य माणसांना आसरा मिळतो, ही सिप्रियनची भीतीही पोकळ नव्हती. संस्था शुद्ध असावी की सर्वांना सामावून घेणारी असावी, हा पेच त्याच्या आयुष्याने आपल्यापुढे ठेवला आहे. पतितांच्या बाबतीत त्याने सामावून घेण्याची बाजू घेतली. बाप्तिस्म्याच्या बाबतीत शुद्धतेची. एकाच माणसात या दोन्ही ओढी होत्या, हे चरित्राच्या अभ्यासकाने झाकून ठेवू नये.

रोमच्या चर्चने त्याचे मत स्वीकारले नाही, तरी आपल्या मुख्य उपासनेतील हुतात्म्यांच्या नामावळीत त्याला स्थान दिले. तेथे त्याचे नाव कॉर्नेलियसच्या नावालगत येते.

3.5 सारांश

तिसऱ्या शतकात ख्रिस्ती संस्कारांची निश्चित संख्या ठरलेली नव्हती. 'साक्रामेन्तुम' या शब्दाने रहस्याच्या कल्पनेला शपथेचा अर्थ जोडला. डेशियसच्या हुकुमाने ही शपथ मोडणाऱ्यांचा प्रश्न निर्माण झाला आणि सिप्रियनच्या नेतृत्वाखाली प्रायश्चित्ताला व्यवस्थेचे रूप आले. पेल्यातील मिश्रण, बालकांचा व आजाऱ्यांचा बाप्तिस्मा यांविषयीही याच काळात निर्णय झाले. चर्चबाहेरील बाप्तिस्म्याच्या वादात सिप्रियनचे मत पुढे नाकारले गेले. पण त्या वादातूनच संस्कारांविषयीचा नंतरचा सिद्धान्त घडला.

3.6 स्वाध्याय

1. 'साक्रामेन्तुम' आणि 'संस्कार' या शब्दांच्या मूळ अर्थांतील फरक सांगा. त्या फरकामुळे विधीकडे पाहण्याच्या दृष्टीत काय बदल होतो, ते लिहा.
2. 251 च्या परिषदेने पतितांमध्ये कोणता भेद केला आणि का?
3. सिप्रियन आणि स्टीफन यांच्या भूमिका प्रत्येकी पाच वाक्यांत मांडा. आपले मत नंतर स्वतंत्रपणे नोंदवा.
4. पाँटियसने लिहिलेले चरित्र आणि सिप्रियनची पत्रे या दोन साधनांपैकी अज्ञातवासाच्या प्रसंगासाठी तुम्ही कोणत्या साधनावर अधिक विसंबाल? कारणे द्या.
5. क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील कोणत्याही धर्माच्या दीक्षाविधीविषयी जाणकार व्यक्तीशी बोला. त्या विधीत वापरली जाणारी द्रव्ये आणि शब्द यांची नोंद करा. त्या शब्दांचे व्यवहारातील अर्थ शोधून दोन पानांचे टिपण तयार करा.